नाचायला आम्ही, आराखड्याला साहेब



सोयाबीनची सोंगणी आटोपली, तुरी अजून उभ्या आहेत. तेवढ्या मोकळीकीत रिठदला आपली बैठक झाली. विषय होता वनहक्काच्या दाव्यांचा, पण सुरुवातीला एक निवेदन वाचून दाखवलं गेलं. वाशीम जिल्ह्यात आदिवासी समाजाचं भव्य संग्रहालय व्हावं, त्यात आपल्या क्रांतिकारकांचे पुतळे असावेत, जुन्या वस्तू मांडाव्यात, आणि त्यासाठी शासनानं ई-क्लासची पाच एकर जागा द्यावी, असं त्यात लिहिलेलं होतं. टाळ्या पडल्या. सह्या आधीच झाल्या होत्या. लपवत नाही, त्या सह्यांमध्ये आमच्यापैकी दोघातिघांच्याही होत्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाजूनं एक आजी उठली. म्हणाली, "बापू, ई-क्लास मंजे कोनती? आमी पेरतो थे?"

कोणीच बोललं नाही. कारण निवेदनात ज्या गटाकडे बोट दाखवलं होतं, त्या तुकड्यावर आपलीच तीन घरं पस्तीस वर्षांहून जास्त काळ पेरा करतात. गाव नमुना १-ई मध्ये नोंद व्हावी म्हणून त्यांनी तलाठ्याकडे किती चकरा मारल्या, हे या बुलेटिनच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अतिक्रमणं नियमित करायचा. त्या आधारावर ती तीन घरं अजून लढत आहेत. आणि आपण काय केलं? आपल्याच माणसांच्या हाताखालची जमीन, आपल्याच संग्रहालयासाठी, सरकारला मागायला निघालो. अतिक्रमण काढायला सरकारला निमित्तच पाहिजे असतं. यावेळी ते निमित्त आपण टाइप करून, तीन प्रतींत नेऊन देणार होतो.

त्या दिवशी आजीला उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहितो आहोत. सायक्लोस्टाईलवर फोटो उठत नाही, नाहीतर त्या शेताचा फोटोच टाकला असता.

आधी हे सांगतो की संग्रहालयाची इच्छा कुठून आली. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय झालं. ३ डिसेंबर २०१८ ला भूमिपूजन, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत, आत तेरा दालनं. आपली पोरं पाहून आली आणि म्हणाली, "आपलं काहून नाही?" प्रश्न रास्त आहे. आरक्षणाच्या मागणीवरून सध्या जो ताण चालला आहे त्यात तेल ओतायला आम्ही बसलो नाही, ते भांडण वेगळं आणि त्याची जागा वेगळी. पण पोहरादेवीवरून जे शिकायचं ते आपण शिकलो नाही. ती जागा आधीपासून त्या लोकांची होती. सेवालाल महाराजांच्या समाधीला लोक पिढ्यान्‌पिढ्या येत होते, रामनवमीची यात्रा भरत होती, मग त्या जागेवर इमारत आली. आपण उलट्या बाजूनं निघालो. आधी इमारत मागायची, जागा मागायची, आणि आत काय ठेवायचं ते कोणीतरी ठरवील.

हा कोणीतरी कोण, ते आपल्याला अनुभवानं माहीत असायला पाहिजे होतं.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, इंग्रजांनी काढलेलं. आपल्याकडचा म्हातारा माणूस त्याला अजूनही अजब बंगला म्हणतो. पेंढा भरलेली जनावरं, दगडाच्या मूर्ती, नाणी, शस्त्रं आणि आदिवासींच्या वस्तू, सगळं एका छताखाली. नाव लोकांनी ठेवलं, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या ओळीत आपण कुठं उभे आहोत ते पाहा.

१९१६ साली रसेल आणि हिरालाल या दोघांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचं पुस्तक काढलं. त्यात आंधांवर एक टिपण आहे. वऱ्हाडातली हलक्या दर्जाची, शेती करणारी जात, १९११ च्या शिरगणतीत सुमारे ५२ हजार माणसं, राहणार यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत, असा त्याचा अर्थ. आपला भाग तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता, वाशीम जिल्हा तर १ जुलै १९९८ ला झाला. हे लिहिताना आमच्या कोण्या आज्या-पणज्याला त्यांनी विचारलं असेल असं वाटत नाही, विचारलं असतं तर 'हलक्या' हा शब्द आला नसता. तो शब्द त्यांचा त्यांना लखलाभ. 'शेती करणारी' हा शब्द मात्र जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आपलं राज्य आलं. पुण्याला १९६२ साली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली, तिचं संग्रहालय आहे. वारली चित्रं, बोहाड्याचे मुखवटे, दागिने, वाद्यं. चांगल्या वस्तू आहेत, आमचं त्यांच्याशी भांडण नाही. पण काचेत ठेवायला वस्तू दिसायला वेगळी लागते. आंध माणसाकडे वेगळं दिसणारं काय आहे? आपण मराठी बोलतो. धोतर, लुगडं, आता शर्टपँट. हातात वखर, तिफन, डवरं, जे शेजारच्या कुणब्याच्याही हातात आहे. आपलं वेगळेपण आहे ते नात्यागोत्यात आहे, देवाच्या माटीत आहे, दंडारीत आहे, कोणत्या शिवारात कोण पुरला आहे त्यात आहे. ते काचेच्या पेटीत बसत नाही. म्हणून संग्रहालयवाल्याला आपण दिसत नाही, आणि दिसलोच तर पिसं लावून दिसतो.

तुम्ही म्हणाल, न दिसलो तर काय बिघडलं? बिघडतं. पुण्याच्या याच संस्थेशी जमात पडताळणी समित्यांचं काम जोडलेलं आहे. आपलं पोरगं वैधतेसाठी अमरावतीला समितीसमोर उभं राहतं तेव्हा त्याला विचारतात, तुमचा देव कोणता, नाच कोणता, लग्नात काय करता, मेलेल्याला काय करता. पोरगं वसतिगृहात वाढलेलं, बापानं सालदारी करून शिकवलेलं, ते अडखळतं. समोरच्या साहेबाच्या डोक्यात आदिवासीचं जे चित्र आहे, त्याच्याशी हे पोरगं जुळत नाही. ते चित्र कुठून आलं? पुस्तकातून, काचेच्या पेटीतून, २६ जानेवारीच्या चित्ररथातून. खोट्या दाखल्यांवर आपल्या जागा लाटणारे आहेत, पडताळणी कडकच पाहिजे, त्यात आपलं म्हणणं बदललेलं नाही. पण २४ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अखेरची कसोटी नव्हे. तेव्हा संग्रहालयात आपलं चित्र कोण काढतो हा शोभेचा प्रश्न राहत नाही. त्या चित्राच्या मापानं उद्या तुमच्या नातवाला मोजणार आहेत.

आता जमिनीवर येतो.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, दुरुस्ती २०१२ ची. नियम १३ मध्ये कोणकोणते पुरावे चालतात ते दिलेलं आहे. आमच्या शिबिरांत हा नियम आम्ही इतक्या वेळा वाचला आहे की पोरांना पाठ आहे. सरकारी कागद चालतो, तसंच घर, झोपडी, बांधबंदिस्ती, सपाटीकरण चालतं. जुनी विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा चालते. वंशावळ चालते. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं चालतं. यातले एकापेक्षा जास्त पुरावे लावायचे, बस. आपण अनुसूचित जमातीचे असल्यामुळे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा, पंचाहत्तर वर्षांचा नाही. वाशीम जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही म्हणून पेसा इथं लागू नाही, पण वनहक्क कायदा लागू आहे, कोणी फसवलं तर फसू नका.

आता ही यादी परत एकदा वाचा. घर. विहीर. देवाची जागा. पूर्वजांची जागा. वंशावळ. म्हाताऱ्यांचं तोंडचं बोलणं. ही तर संग्रहालयाचीच यादी झाली की! कोणत्याही संग्रहालयाचा साहेब गावात आला तर हेच मागेल. घराचा नमुना दाखवा, देव दाखवा, आजोबांना बोलतं करा, टेप करतो.

पण त्याच आजोबांचा जबाब आपण दाव्याला लावला की काय होतं? आमच्या भागातल्या एका दाव्याची गोष्ट सांगतो. गावाचं नाव घेत नाही, अपील चालू आहे. आजोबांनी सांगितलं, माझ्या बापानं ही विहीर खोदली, बाजूला आमच्या घरची माणसं पुरलेली आहेत. वनहक्क समितीनं पाहणी केली, ग्रामसभेनं ठराव दिला. वरून उत्तर आलं, 'सबळ पुरावा नाही', उपग्रहाच्या नकाशात शेती दिसत नाही. आता २०१२ च्या दुरुस्तीत साफ लिहिलेलं आहे की उपग्रहाची चित्रं इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यायची, त्यांच्या बदल्यात नाही. पण ते वाचतो कोण. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता की दावे फेटाळलेल्यांना काढा. १३ तारखेला आदेश आणि २८ तारखेला स्थगिती, मधले पंधरा दिवस आपल्या घराघरांत चूल कशी पेटली ते आपल्यालाच माहीत. 'फेटाळला' या एका शब्दाची किंमत तेव्हा कळली.

म्हणजे आजोबांची विहीर काचेच्या पेटीत गेली तर वारसा, आणि दाव्याच्या फाईलीत गेली तर सबळ पुरावा नाही. आजोबांची तिफन संग्रहालयात टांगली की खाली पाटी लागणार, 'पारंपरिक शेती अवजार'. ती तिफन कोणत्या शेतात चालली, हे त्या पाटीवर येणार नाही. १९१६ च्या पुस्तकात आपल्याला शेती करणारी जात म्हटलं, ते सरकारी ग्रंथालयात आहे. शेती करणारी जात हवेत तर पेरत नव्हती.

आमचं म्हणणं एवढंच आहे की संग्रहालय मागायचं असेल तर ही पाटी आपण लिहायची. गट नंबरासकट.

पण पाटी लिहायची वेळ येते तोपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. सरकारी इमारत कशी होते ते पाहा. आधी घोषणा. मग जागा. मग कुठल्या तरी शहरातला सल्लागार नेमतात, तो प्रकल्प अहवाल करतो, त्यात दालनं किती, पुतळे किती, दिवे-आवाजाचा खेळ कुठं, उपाहारगृह कुठं, हे सगळं लिहिलेलं असतं. मग तांत्रिक मंजुरी, मग टेंडर. इथपर्यंत एकाही ग्रामसभेत विषय आलेला नसतो. आलाच तर एक कागद येतो, जागेसाठी ना हरकत ठराव द्या म्हणून, आणि सचिव तो घरोघरी सह्या घेऊन उरकतो. शेवटी उद्घाटन ठरतं आणि तेव्हा आपली आठवण येते. दंडारवाले पाठवा, ढेमसावाले पाठवा, बायांना नऊवारीत आणा, गाडी पाठवतो, नाश्ता आहे. नाचायला आम्ही, आराखड्याला साहेब.

देशात काय चाललं तेही पाहू. २०१६ च्या १५ ऑगस्टला आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या संग्रहालयांची घोषणा झाली. रांचीचं भगवान बिरसा मुंडांचं संग्रहालय १५ नोव्हेंबर २०२१ ला उघडलं, ज्या जुन्या तुरुंगात ९ जून १९०० ला बिरसांनी प्राण सोडला तिथंच. जबलपूर आणि छिंदवाड्याची १५ नोव्हेंबर २०२४ ला. चांगली गोष्ट आहे, आपल्या माणसांची नावं भिंतीवर आली. पण बिरसा मुंडा लढले कशासाठी? जमिनीसाठी. त्या उलगुलानाच्या धाकानं इंग्रजांना १९०८ मध्ये छोटा नागपूर कुळकायदा करावा लागला, आदिवासीची जमीन बाहेरच्याला जाऊ नये म्हणून. बिरसांचा पुतळा बघणाऱ्या पोराला तो कायदा वाचायला मिळाला पाहिजे. आपल्याकडे तसंच जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा आहे. वाशीमला उद्या संग्रहालय झालं तर त्यात पहिल्या भिंतीवर आम्हाला जिल्ह्याचा नकाशा पाहिजे. आदिवासीच्या नावावर होती ती जमीन कोणती, कोणत्या साली कशी गेली, किती परत आली. असा नकाशा कोणता सल्लागार आपल्या अहवालात घालील? घातला तर त्याचं बिल निघेल काय?

आणि गुजरातचं केवडिया विसरू नका. १९६१ साली नर्मदेच्या धरणाच्या वसाहतीसाठी म्हणून सहा गावांच्या आदिवासींची जमीन घेतली. मूळ कामाला सगळी लागली नाही, पण परतही मिळाली नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथं १८२ मीटरचा पुतळा उघडला, मागोमाग बागा, हॉटेलं, प्रदर्शनं. त्याच नर्मदा जिल्ह्यात आता आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालयही मंजूर आहे. जमीन गेलेला माणूस तिकीट काढून जमिनीसाठी लढलेल्याचा पुतळा बघणार. आमच्या निवेदनातल्या पाच एकरांचं पुढे जाऊन हेच होणार होतं, आकार लहान एवढाच फरक.

काही शिकलेली मंडळी म्हणतात, "लोकांना डिझाइनमधलं काय कळतं? हे तज्ज्ञांचं काम आहे." यांना भोपाळला पाठवलं पाहिजे. तिथं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, श्यामला टेकडीवर, दोनशे एकरांत. तिथली उघड्यावरची आदिवासी घरं कंत्राटदारानं बांधलेली नाहीत. त्या त्या जमातीची माणसं आपल्या गावाहून आली, आपल्या पद्धतीनं कूड घातले, छप्पर शाकारलं. घर कसं असतं हे ज्याला माहीत त्यानं बांधलं. गुजरातमध्ये तेजगढला आदिवासी अकादमीत 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे, तिथं आदिवासी तरुणांनी स्वतः वस्तू गोळा केल्या, स्वतः मांडल्या. जगातल्या संग्रहालयांच्या संघटनेनं तर ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग शहरात संग्रहालयाची व्याख्याच बदलली आणि समाजाच्या सहभागानं चालणं हा भाग त्यात घातला. म्हणजे आपण जे मागतो ते जास्तीचं नाही, ज्याला संग्रहालय म्हणतात त्याचाच तो भाग आहे.

नागा बांधवांचं उदाहरण याहून मोठं आहे. त्यांच्या पूर्वजांच्या कवट्या आणि हाडं इंग्रज उचलून घेऊन गेले, अजून ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडातल्या एका लिलावात नागा माणसाची कवटी विकायला काढली होती, नागालँडमधून ओरड झाली तेव्हा मागे घेतली. आता नागा तरुण गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना विचारत आहेत, हे परत आलं तर आपण काय करायचं, कुठं ठेवायचं, कोणता विधी करायचा. आधी विचारणं, मग आणणं. कारण काही गोष्टी दाखवायच्या नसतात. आपल्या देवघरातल्या टाकांचंही तेच आहे. ते कोणी पाहावेत, कोणी पाहू नयेत, बाहेर कोणत्या दिवशी काढावेत, हे घरचा माणूस सांगेल, क्युरेटर नाही.

कलाकाराचंही सांगून टाकतो. जनगढसिंह श्याम, मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा परधान गोंड. त्यांच्या चित्रांनी भोपाळची भिंत भरली, जगभर नाव झालं, आज गोंड चित्रकला म्हणून जे विकलं जातं ते त्यांच्यापासून सुरू झालं. २००१ साली जपानच्या मिथिला संग्रहालयात काम करत असताना तिथंच त्यांनी जीवन संपवलं. घरी यायचं होतं, मुक्काम वाढत गेला होता. म्हणून आम्ही म्हणतो की चित्र काढणाऱ्याची, नाचणाऱ्याची, घर बांधणाऱ्याची मजुरी किती, किती दिवस, परत कधी जायचं, हे कागदावर पाहिजे आणि तो कागद त्याला वाचता येईल अशा भाषेत पाहिजे. नाश्त्यावर दंडार बंद.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो आणि तो जास्त कठीण आहे. "पोटाला नाही, अन् म्युझियम कायले पायजे? आधी सातबारा आणा." बैठकीत हे बोलणारे बरेच होते. आम्हालाही काही दिवस हेच खरं वाटत होतं. आता वाटत नाही. मागच्या दोन वर्षांत आपल्या भागातली किती म्हातारी माणसं गेली ते मोजा. त्यातल्या एका आजोबांना तीन गावांच्या शिवेवरची प्रत्येक खूण ठाऊक होती, कोणत्या मोहाच्या झाडापासून कोणाची वाट, कोणता नाला आधी कुठून वाहत होता. त्यांचा जबाब घ्यायचा म्हणून आम्ही दोनदा ठरवलं, दोनदा काम निघालं. तिसऱ्यांदा गेलो ते त्यांच्या तेराव्याला. दाव्याचा एक साक्षीदार गेला आणि संग्रहालयाचं एक दालन गेलं, दोन्ही एकाच दिवशी. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचा आहे.

त्यामुळे आधी सातबारा की आधी संग्रहालय, हा वाद आम्ही सोडला आहे. जबाब एकच घ्यायचा, तो दोन्हीकडे चालेल असा घ्यायचा.

जुनं निवेदन दिलं नाही, ते मागे घेतलं आहे. ज्यांच्या सह्या होत्या त्यांना सांगितलं, एकदोघे रागावले, रागावू द्या. नव्या निवेदनात इमारतीची मागणी सध्या नाही. त्यात असं आहे की जिल्ह्यात आदिवासींबद्दल कोणतंही संग्रहालय, स्मारक, दालन करायचं झालं तर जागा ठरण्याच्या आधी, सल्लागार नेमण्याच्या आधी, विषय ग्रामसभांसमोर यावा, आणि ग्रामसभा म्हणजे सह्यांचा कागद नव्हे, बसलेली ग्रामसभा. ज्या जमिनीवर भूमिहीनाचा पेरा आहे किंवा दावा चालू आहे ती जमीन यासाठी घेऊ नये. वस्तू दिली तर उसनी दिली असं धरावं, देणाऱ्याच्या नावानिशी आणि गावानिशी, सणाला मागितली तर परत मिळावी. मांडणी ठरवणाऱ्या समितीत निम्म्याहून जास्त माणसं आपल्या गावांतली असावीत, त्यात बाया असाव्यात, आणि समितीला नाही म्हणायचा अधिकार असावा. नाहीतर समितीचा चहा आम्ही पुष्कळ प्यालो आहोत.

गावांनी करायचं काम असं. पोरांनी मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांकडे बसायचं, पण नुसतं रेकॉर्ड करून चालणार नाही, लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, अंगठा किंवा सही घ्यायची, खाली दोन साक्षीदार. मग त्यांना घेऊन शिवारफेरी करायची, चालवत नसेल तर बैलगाडीत बसवा. विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा, जुना बांध, प्रत्येकाचा गट नंबर लिहायचा. घरातल्या जुन्या वस्तूंची यादी करायची, वस्तू घराबाहेर काढायची नाही. कोणी साहेब, कोणी संशोधक, कोणी भंगारवाला मागायला आला तर आधी संघटनेला कळवा. भंगारवाला उगाच लिहिला नाही, पितळेची भांडी गेल्या उन्हाळ्यात किलोच्या भावानं गेली आहेत. कागदाच्या दोन प्रती करा. एक दाव्याच्या फाईलीला, एक रिठदला पत्र्याच्या पेटीत. तूर्त ती पेटी हेच आपलं संग्रहालय, कुलपाच्या किल्ल्या तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या गावांत आहेत.

पहिला जबाब त्या आजीचाच घ्यायचा ठरलं आहे. तिला विचारायला गेलो तर म्हणाली, "तुरी निघू द्या, मग या. अन् रिकामे येऊ नका, शेंगा तोडू लागा."

जोहार.